दिवा मंद नव्हता, तो आपण मंद केला : जुन्या मोटारींच्या हेडलाइटविषयी एक खंडनपर धागा

१/२६
जुन्या मोटारींची दृश्ये समाजमाध्यमांवर हौसेने पाहिली जातात. १९६० च्या दशकातील एखादी फियाट नव्या रंगात उभी असते. चाकांच्या टोप्या मूळच्या, आसनांचे कापड मूळच्यासारखे. मालक कळ दाबतो आणि तिच्या गोल डोळ्यांतून निळसर-पांढरा एलईडीचा झोत बाहेर पडतो. खाली ओळ असते : पूर्वीचे दिवे मेणबत्तीसारखे होते, म्हणून बदलले. या एका ओळीत इतिहासाचा, पदार्थविज्ञानाचा आणि नागरी कर्तव्याचा असा तिहेरी अपराध आहे. आजचा धागा तिच्या खंडनासाठी.

२/२६
माझे प्रतिपादन आरंभीच सांगतो. जुन्या मोटारीचा दिवा आज मंद दिसतो, तो बहुतांश वेळा त्या काळच्या अभियंत्यांना काही येत नव्हते म्हणून नव्हे. पन्नास-साठ वर्षांत आपण तारा, सांधे आणि आरसे यांची जी हेळसांड केली, तिचा तो परिणाम आहे. आपला निष्काळजीपणा आपण पूर्वजांच्या माथी मारतो आणि त्याला ‘सुधारणा’ म्हणतो. इतिहासाच्या अभ्यासकाने चिडावे असे याहून मोठे कारण कोणते?

३/२६
प्रथम इतिहास. अगदी आरंभीच्या मोटारींवर तेलाचे कंदील होते आणि ते रस्ता दाखवण्यापेक्षा गाडी दाखवण्याच्याच कामाचे होते. त्यानंतर आला ॲसिटिलीनचा दिवा. एका भांड्यात कॅल्शियम कार्बाइड, त्यावर थेंबथेंब पाणी, त्यातून निघणारा वायू नळीने दिव्यात. आंबे पिकवण्यासाठी आज चोरून वापरला जातो तोच हा कार्बाइड. त्याची ज्योत पांढरीशुभ्र असे आणि वाऱ्यापावसात तेलाच्या दिव्याहून चांगली टिकत असे. मागे आरसा बसवला की झोत खरोखरच दूरवर जाई.

४/२६
त्रास मात्र पुष्कळ. चुन्याचा राडा साफ करायचा, पाणी भरायचे, उतरून काडी लावायची. म्हणून अमेरिकेत प्रेस्ट-ओ-लाइट कंपनीने दाबाखाली भरलेल्या ॲसिटिलीनच्या टाक्या विकण्यास आरंभ केला. या व्यवसायातील दोन भागीदार, कार्ल फिशर आणि जेम्स ॲलिसन, हेच पुढे इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध शर्यतपथाच्या संस्थापकांत होते. तो पथ १९०९ मध्ये सुरू झाला. मोटारीच्या दिव्यावर मिळवलेला पैसा मोटारींच्या शर्यतीत गेला. दिवा ही किरकोळ वस्तू नव्हती, हे एवढ्यावरून कळावे.

५/२६
विजेचा दिवा मोटारीत स्थिरावण्यास दोन गोष्टी घडाव्या लागल्या. पहिली, धक्के सोसणारी तार. १९१० च्या सुमारास विल्यम कूलिज याने टंगस्टनची लवचीक तार काढण्याची रीत सिद्ध केली. दुसरी, चालत्या गाडीत वीज निर्माण करण्याची सोय. चार्ल्स केटरिंग याने घडवलेली विद्युत-यंत्रणा १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आली. गाडी सुरू करणे, ठिणगी देणे आणि दिवे लावणे ही तिन्ही कामे एकाच व्यवस्थेत आली. त्यानंतर कार्बाइडचे दिवे झपाट्याने मागे पडले.

६/२६
पुढचा प्रश्न अधिक बिकट होता : आपल्याला दिसावे, पण समोरच्याचे डोळे दिपू नयेत. १९२० च्या दशकात एकाच बल्बमध्ये दोन तारा बसवण्याची युक्ती निघाली. एक तार आरशाच्या नाभीवर, तिचा झोत सरळ लांब. दुसरी नाभीच्या किंचित पुढे आणि तिच्याखाली इवलीशी धातूची वाटी. त्या वाटीमुळे प्रकाश आरशाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तेथून खाली, रस्त्याकडे वळतो. आपण ज्याला ‘डिपर मारणे’ म्हणतो, त्यामागे ही वाटी आहे.

७/२६
१९५७ पासून युरोपात असमान झोत रूढ होऊ लागला : समोरून येणाऱ्याच्या बाजूला खाली, आपल्या कडेच्या बाजूला थोडा वर. म्हणजे चालकाला कडेचा पादचारी दिसतो आणि समोरचा आंधळा होत नाही. अमेरिकेत १९४० च्या मॉडेलांपासून काच, आरसा आणि तार एकत्र हवाबंद केलेला दिवा सक्तीचा झाला. १९६२ मध्ये युरोपात मोटारीसाठी पहिला हॅलोजन बल्ब आला आणि १९७१ मध्ये दोन तारांचा एच-फोर. सहा दशके चाललेल्या या प्रयत्नांची आपण ‘मेणबत्ती’ या एका शब्दात बोळवण करतो.

८/२६
मग आज तोच दिवा मिणमिणतो का? याचे उत्तर एका साध्या नियमात आहे. टंगस्टनच्या तारेचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात घटत नाही, त्याहून फार वेगाने घटतो, सुमारे ३.४ व्या घाताने. व्होल्टेज १० टक्के उतरले तर प्रकाश १० टक्के नव्हे, सुमारे ३० टक्के उतरतो. २० टक्के उतरले तर निम्म्याहून अधिक प्रकाश जातो आणि उरतो तो पिवळा, आजारी. ज्याला आपण ‘जुन्या काळचा पिवळा उजेड’ म्हणून हळहळतो, तो पुष्कळदा उपाशी बल्बचा रंग असतो.

९/२६
हे व्होल्टेज जाते कोठे? बॅटरीपासून बल्बपर्यंतची वाट पाहा. बॅटरी, फ्यूजपेटी, मुख्य स्विच, डिपर, मग लांब तार, होल्डर, बल्ब आणि तेथून गाडीच्या पत्र्यातून परत बॅटरीकडे. त्या काळच्या बहुसंख्य मोटारींत दिव्याचा सगळा प्रवाह चालकाच्या हाताखालच्या स्विचमधूनच जात असे. प्रत्येक सांध्यावर तांब्याचा कळंक, पितळेचा काळपटपणा, पत्र्याचा गंज. प्रत्येक ठिकाणी थोडीथोडी गळती. गळक्या कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याला पाणी मिळत नाही. दोष धरणाला देता येत नाही.

१०/२६
आकडे घ्या. ४५ वॅटचे दोन बल्ब, १२ व्होल्ट : प्रवाह साडेसात अँपिअर. वाटेतला एकूण रोध केवळ ०.२ ओहम असला तरी दीड व्होल्ट वाटेतच संपतो. बल्बला उरतात साडेदहा. वरच्या नियमाने प्रकाश सुमारे ६४ टक्के. म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून अधिक गेला. ०.२ ओहम ही फार मोठी गोष्ट नव्हे. दोन-तीन कळकट सांधे आणि एक सैल स्क्रू एवढे पुरते.

११/२६
आता माझा स्वतःचा गुन्हा कबूल करतो. आमच्या घरी आजोबांची १९६८ ची फियाट आहे. दिवे मंद म्हणून मीही काही वर्षांपूर्वी तिच्यात बाजारातले एलईडी बल्ब बसवले आणि स्वतःवर खूश झालो. साताऱ्याकडच्या एका घाटरस्त्यावर, रात्री, समोरून दुचाकीवर एक वयस्क गृहस्थ आले. मी डिपर दिला होता. तरीही ते डांबर सोडून खडीत उतरले आणि पडले. खरचटण्यावर निभावले. त्यांना उठवताना ते एवढेच म्हणाले, “अहो साहेब, डोळ्यांपुढं अंधारच आला.”

१२/२६
त्या वाक्याने माझी झोप उडवली. घरी येऊन मी एलईडी काढले, जुने बल्ब लावले आणि प्रथमच मल्टिमीटर हाती घेतला. दिवे चालू असताना बॅटरीवर १२.१ व्होल्ट, बल्बवर ९.८. म्हणजे प्रकाश निम्मा. हरवलेल्या २.३ व्होल्टपैकी १.४ जाण्याच्या वाटेवर आणि ०.९ परतीच्या वाटेवर, म्हणजे अर्थिंगमध्ये. गाडी पुन्हा रंगवताना कारागिराने अर्थिंगच्या बोल्टखालीही झकास रंग मारला होता. रंग वीज वाहून नेत नाही. सारी वर्षे आम्ही बल्बला शिव्या देत होतो.

१३/२६
आपल्याकडे म्हण आहे : आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दोष सांध्यात, उपचार बल्बवर. कोणी ४५ वॅटच्या जागी १०० वॅटचा बल्ब बसवतात. प्रवाह दुपटीहून अधिक वाढतो, वाटेतली गळती त्याच पटीत वाढते आणि तारेतील उष्णता तर वर्गाच्या हिशेबाने जवळजवळ पाचपट होते. परिणाम : उजेड अपेक्षेइतका वाढत नाही, पण कापडी वेष्टनाची जुनी तार तापते, स्विच वितळतो आणि कधी गाडीच पेटते. तहानलेल्या दोघांना पाणी पुरत नाही म्हणून आणखी चौघांना पंगतीस बसवण्याचा हा प्रकार.

१४/२६
मग करावे काय? क्रमाने सांगतो. पहिले काम मोजमाप. दिवे चालू ठेवा. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या तारेकडील खांबावर, दुसरे बल्बच्या त्याच बाजूच्या टोकावर. जो आकडा दिसेल ती जाण्याच्या वाटेवरची गळती. मग बल्बचे अर्थिंग आणि बॅटरीचा दुसरा खांब यांच्यात तसेच मोजा. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या पुढे आकडा गेला तर बल्बला हात लावू नका; वाट साफ करा. इतिहासात जसे साधनाआधी निष्कर्ष नको, तसे येथे मोजमापाआधी खरेदी नको.

१५/२६
दुसरे काम अर्थिंग. बॅटरीपासून चासीकडे आणि इंजिनाकडे जाणारी जाड पट्टी सोडवा, दोन्ही टोके पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, बोल्टखालचा रंग खरवडा, घट्ट आवळा, वर थोडे ग्रीस लावा. दिव्याचे भांडे पत्र्याला जेथे टेकते तेथे बहुधा गंज असतो. म्हणून प्रत्येक दिव्यापासून चासीपर्यंत एक स्वतंत्र तार ओढा. खर्च एका जेवणाएवढा. पुष्कळ गाड्यांचा निम्मा ‘अंधार’ एवढ्यानेच फिटतो.

१६/२६
तिसरे काम आरसा. कल्हई उडालेल्या पातेल्यासारखा रिफ्लेक्टर असेल तर कोणताही बल्ब व्यर्थ. जुने रिफ्लेक्टर पितळेचे, वर चांदीचा मुलामा. चांदी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकाश परतवते; क्रोमचा मुलामा दिसायला झगझगीत, पण परतवतो जेमतेम दोन-तृतीयांश. म्हणून ‘क्रोम करून घ्या’ या सल्ल्यास भुलू नका. चांदी पुन्हा चढवून घ्या किंवा निर्वात पोकळीत ॲल्युमिनियमचा थर देऊन घ्या. आणि घासण्याची पूड दूर ठेवा : एका रविवारच्या उत्साहात पन्नास वर्षांचा आरसा कायमचा निघून जातो.

१७/२६
चौथे काम रिले. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारा स्विच. जुना स्विच आता फक्त चुंबकाला इशारा देतो. त्याला अँपिअरचा लहानसा अंश पुरतो. दिव्याचा खरा प्रवाह बॅटरीपासून फ्यूजमार्गे, अडीच चौरस मिलिमीटरच्या जाड तारेने थेट बल्बकडे जातो. लांब झोतासाठी एक आणि डिपरसाठी एक असे दोन रिले. फ्यूज बॅटरीच्या जवळ हवाच. माझ्या फियाटमध्ये यानंतर एकूण गळती ०.३ व्होल्ट राहिली. त्याच जुन्या बल्बचा प्रकाश निम्म्यावरून सुमारे ९४ टक्क्यांवर आला. बल्ब तोच. काच तीच. गाडी तीच.

१८/२६
येथे एक हुशार वाचक विचारील : रिले हाही कालविपर्यासच नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. उत्तर अधिक रंजक. डायनमो असलेल्या प्रत्येक जुन्या गाडीत ‘कटआउट’ असतो. इंजिन मंद असताना बॅटरीची वीज उलट डायनमोत जाऊ नये म्हणून तो जोड तोडतो. तो कटआउट म्हणजेच विद्युतचुंबकाचा स्विच, अर्थात रिले. ते तत्त्व तर एकोणिसाव्या शतकातील तारायंत्रातले. आपण गाडीत परका पाहुणा आणत नाही. घरातल्याच माणसाला आणखी एक काम देतो. शिवाय जुनी वायरिंग जागेवर ठेवून चार स्क्रूंत तो काढताही येतो.

१९/२६
एलईडीचे तसे नाही. दिव्याचा आरसा आणि काचेवरच्या रेघा विशिष्ट जागी असलेल्या, विशिष्ट आकाराच्या तारेसाठी आखलेल्या असतात. एक-दोन मिलिमीटरचा फरक झोत बिघडवण्यास पुरेसा. बदली एलईडीत तारेऐवजी एका पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेले चपटे ठिपके असतात. प्रकाश भरपूर निघतो, पण जावा तेथे जात नाही : जवळचा रस्ता लख्ख, दूरचा काळोखात आणि उरलेला समोरच्याच्या डोळ्यांत. चालकाला वाटते, वा, काय उजेड! कारण त्याला त्या खडीत पडलेल्या गृहस्थांच्या जागी उभे राहावे लागत नाही.

२०/२६
हा प्रश्न केवळ सौजन्याचा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली वळलेला असावा आणि समोरच्याचे डोळे दिपू नयेत, असा दंडक आहे. शिवाय तांत्रिक पेच : १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा धन खांब पत्र्याला जोडलेला असे. साध्या बल्बला दिशेचे सोयरसुतक नसते; एलईडीला असते. अशा गाडीत तो पेटतच नाही किंवा बिघडतो. आणि परदेशातून दिवा मागवलात तर डावीकडून चालणाऱ्या देशाचाच घ्या; नाहीतर झोताची वर चढणारी बाजू नेमकी समोरच्यावर रोखलेली राहील.

२१/२६
‘पण आमची जीप सहा व्होल्टची आहे, तिचे काय?’ दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीप सहा व्होल्टची होती आणि पुढे मुंबईत महिंद्रांनी विलिसच्या जीपची जुळणी सुरू केली. सहा व्होल्टवर तेवढ्याच वॅटसाठी प्रवाह दुप्पट. म्हणजे त्याच रोधावर गळती दुप्पट आणि एकूण व्होल्टेज निम्मे असल्याने टक्केवारीत गळती चौपट. १२ व्होल्टच्या गाडीत जिथे एक व्होल्ट जातो, तिथे येथे दोन जातात, तेही सहांपैकी. प्रकाश चौथ्या हिश्शावर. उपाय : दुप्पट जाड तारा आणि निष्कलंक सांधे. दुकानात मिळते ती बारीक बॅटरी-केबल येथे चालत नाही.

२२/२६
आता एका जुन्या थट्टेचा समाचार. ब्रिटिश गाड्यांना विद्युत सामग्री पुरवणाऱ्या बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकास कंपनीला ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणण्याची जगभर चाल आहे. याच कंपनीने एकोणिसाव्या शतकात ‘किंग ऑफ द रोड’ नावाचा दिवा काढून नाव कमावले होते. १९६१ मध्ये चेन्नईत लुकास-टीव्हीएस स्थापन झाली आणि भारतीय मोटारींची विद्युत सामग्री येथे होऊ लागली. त्या सामग्रीत उणिवा नव्हत्याच असे मी म्हणत नाही. पण चाळीस वर्षे कोणी न उघडलेल्या सांध्याचा दोष बर्मिंगहॅमवर ढकलणे हा विनोद आहे, इतिहास नव्हे. नाचता येईना, अंगण वाकडे.

२३/२६
दुसऱ्या टोकाचीही हजेरी घेतली पाहिजे. काही शुद्धिवादी म्हणतात : मंद दिवा हाच अस्सलपणा, त्याला हात लावू नका. हेही असत्यच. १९६४ मध्ये कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडली, तेव्हा तिच्या सांध्यांवर कळंक नव्हता आणि आरशाची झळाळी गेलेली नव्हती. तिचा मालक अंधार विकत घेत नव्हता. धूळ हा इतिहास नव्हे. धूळ ही इतिहासावर बसलेली असते. १९७१ च्या ब्लॅकआउटच्या काळ्या रंगाचा डाग एखाद्या काचेवर सापडला तर तो जरूर जपा, टिपून ठेवा. गंजलेल्या अर्थिंगला मात्र वारसा म्हणू नका.

२४/२६
आपल्यापैकी कित्येक जण गडकोटांवर चुन्याच्या जागी सिमेंट थापलेले पाहून संतापतात, आणि योग्यच संतापतात : सिमेंट ओल कोंडते आणि जुना दगडच खराब करते. मग तोच न्याय मोटारीला का नाही? मूळ वस्तू समजून घ्या, कमीत कमी बदला, केलेला बदल परत फिरवता येईल असा ठेवा. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे फिवाने, स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेचा आशयही हाच आहे. आपल्या केंद्र शासनाच्या २०२१ च्या नियमांनीही पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. मूळ रूप हा शब्द तेथे शोभेसाठी नाही.

२५/२६
प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. तो असा : आज रस्ते वेगवान, समोरच्या गाड्यांचे दिवे प्रखर, सुरक्षिततेपुढे इतिहास गौण. मान्य. म्हणूनच सांगतो, दिवे सुधारा, पण जेथे दोष आहे तेथे. आणि एक मर्यादाही मान्य करा : सर्व दुरुस्ती करूनही तो दिवा आपल्या काळातला आहे आणि त्याच्या काळाचा वेग मागतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. जेवढे दिसते तेवढ्यात थांबता येईल एवढ्याच वेगाने जा. ज्याला रात्री ताशी १०० ने जायचे आहे, त्याने खुशाल नवी गाडी घ्यावी. आजीला धावण्याच्या शर्यतीत उतरवू नये.

२६/२६
३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी निवृत्त झाली. आता त्या पिढीच्या ज्या गाड्या उरल्या, त्या आपल्यासारख्यांच्या गॅरेजांत आहेत. आपण त्यांच्यात जे बसवू, तेच पुढची पिढी ‘मूळ’ समजेल. म्हणून या रविवारी एवढेच करा : बल्ब विकत घेण्याआधी मल्टिमीटर मागून आणा आणि अर्थिंगचा एक बोल्ट उघडून पाहा. जो आकडा येईल तो या धाग्याखाली लिहा. पूर्वजांना दोष द्यायचा की स्वतःला, हे मग आकडाच ठरवील.